चित्र हुबेहूब, पण कुत्रा अनोळखी: फोटोवरून प्राणी काढताना नेमकं बिघडतं कुठे?

"ताई, चित्र सुंदरच झालंय हो. पण..."

या 'पण'च्या पुढचं वाक्य, फोटोवरून पाळीव प्राणी काढून देणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. मला ते पहिल्यांदा ठाण्याच्या एका काकूंनी ऐकवलं. त्यांच्या चॉकलेटी लॅब्रॅडॉरचं, बंड्याचं, रंगीत पेन्सिलीतलं ए३ आकाराचं चित्र होतं. चांगले वीसेक तास बसून काढलेलं. फोटोशेजारी ठेवलं तर केसाचाही फरक नव्हता. काकू म्हणाल्या, "पण हा आमचा बंड्या नाही वाटत. त्याचा चुलतभाऊ वाटतो."

दोन दिवस मी घुश्शात होते. मग फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून बाह्यरेषा काढली आणि ती चित्रावर ठेवली. डोळे, कान, नाक, सगळं जिथल्या तिथे. म्हणजे हात चुकला नव्हता. तरी काकूही बरोबर होत्या, कारण त्या कुत्र्यासोबत आठ वर्षं राहत होत्या आणि मी फक्त एका फोटोसोबत.

'नाचता येईना अंगण वाकडं' असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. म्हणून चित्र जमलं नाही की चित्रकार आधी स्वतःच्या हातावर शंका घेतो आणि आणखी शंभर डोळे, दोनशे नाकं काढायचा सराव करत बसतो. या धंद्यात अंगण बऱ्याचदा खरंच वाकडं असतं. त्यामुळे दुरुस्तीला लागण्याआधी ट्रेसिंगची ही पाच मिनिटांची चाचणी करा. रेषा जुळल्या नाहीत तर दोष हाताचा, तो सरावाने किंवा चौकटी आखून सुटतो. रेषा जुळल्या आणि तरी घरच्यांना प्राणी ओळखू येत नसेल, तर दोष फोटोचा. पुढचं सगळं मुख्यतः या दुसऱ्या दोषाबद्दल आहे.

"नाक मोठं दिसतंय का हो जरा?"

सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार ही, आणि कारण जवळपास दर वेळी एकच: फोटो फार जवळून काढलेला असतो.

गणित साधं आहे. समजा नाकाचा शेंडा फोनपासून ३० सेंटिमीटरवर आहे. लॅब्रॅडॉरसारख्या कुत्र्याचे कान नाकापासून साधारण १५ सेंटिमीटर मागे धरू, म्हणजे ते फोनपासून ४५ सेंटिमीटरवर. जी वस्तू दीडपट लांब ती दीडपट लहान दिसते. म्हणजे या फोटोत कानांच्या मानाने नाक चक्क दीडपट मोठं आलंय. आता तोच फोन २ मीटरवर न्या. नाक २०० सेंटिमीटरवर, कान २१५ वर. फरक उरला साडेसात टक्के, तो डोळ्याला जाणवतही नाही.

बरेच जण याचा दोष फोनच्या भिंगाला देतात. भिंग फक्त जवळ जायला भाग पाडतं. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्य टिपणारा असतो, त्यात प्राणी चौकटभर दिसायला हवा असेल तर माणूस आपोआप पुढे सरकतो. प्रमाण ठरतं ते अंतराने. त्याच फोनने २ मीटरवरून फोटो काढून नुसता कापून घेतला तरी नाक-कानाचं प्रमाण बरोबर येतं, फक्त तपशील थोडा कमी मिळतो. दुप्पट-तिप्पट झूमचं वेगळं भिंग फोनला असेल तर उत्तमच.

मी हे शेजारच्या वाघ्यावर करून पाहिलं. वाघ्या गावठी, पोटात भाकरी असली की दगडासारखा बसतो. फरशीवर खडूने तीन खुणा केल्या: ३० सेंटिमीटर, १ मीटर, २ मीटर. तिन्ही फोटो डोळ्यांची रुंदी सारखी येईल असे लहानमोठे करून शेजारी ठेवले, तर तीन वेगवेगळे कुत्रे दिसत होते. पहिला जोकर, दुसरा ओळखीचा, तिसरा खुद्द वाघ्या. पहिल्या फोटोत आणखी एक गोष्ट झाली होती, ती जास्त महत्त्वाची. कानांचा मागचा भाग आणि गालांच्या कडा डोक्याआड गेल्या होत्या. म्हणजे जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतंच, शिवाय बाजूचा काही भाग फोटोत येतच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

लांब मुस्कटाच्या प्राण्यांना याचा सगळ्यात जास्त फटका. कारवान, पश्मी, ग्रेहाउंड अशी शिकारी कुत्री, घोडा, बैल. पर्शियन मांजर किंवा पग असेल तर नाक आणि डोळे जवळजवळ एकाच पातळीत, तिथे जवळचा फोटोही बऱ्यापैकी खपून जातो.

फोटो नव्याने मिळणार असेल तर प्रश्नच मिटला. मिळणार नसेल तर मी असं करते. आधी एक बाजूने काढलेला फोटो मागवते, कितीही धूसर चालेल. मग घरच्यांना शिवणाच्या टेपने तीन मापं घ्यायला सांगते: नाकाच्या काळ्या भागाची रुंदी, दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर, आणि कानाची मुळापासून टोकापर्यंत लांबी. लोक ही मापं हौसेने पाठवतात, सोबत 'हलत होता, पाव इंच इकडेतिकडे' अशी टीपही असते. त्या प्रमाणात कच्च्या रेखाटनात नाक लहान करते, कपाळ आणि कान थोडे मोठे करते. मोबाइलवर चित्र ताणायची-दाबायची सोय असलेलं कुठलंही ॲप यासाठी चालतं, पण बाजूचा फोटो नसेल तर ॲप न दिसलेला गाल कुठून आणणार? बंड्याच्या दुसऱ्या चित्रात मी नाक साधारण आठव्या हिश्श्याने कमी केलं आणि कान किंचित बाहेर घेतले. बाकी काहीही बदललं नाही.

उंचीचंही हेच. उभ्या माणसाने खाली बसलेल्या कुत्र्याचा फोटो काढला की डोकं भोपळ्याएवढं आणि पाय काड्यांसारखे. गोंडस दिसतं, पण ते त्या प्राण्याचं शरीर नव्हे. गिऱ्हाइकाला तसंच हवं असेल तर काढा, फक्त आधी विचारून घ्या.

न दिसलेलं हाताने भरणं

पाय गवतात बुडालेत, एक कान चौकटीबाहेर गेलाय, मागे सोफ्याची उशी आडवी आलीय. अशा वेळी आपण अंदाजाने भरतो आणि तिथेच फसतो. या चुकीचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण थेट गोव्याहून निघालेलं आहे. गुजरातच्या सुलतानाने दिलेला एक गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने लिस्बनला धाडला. तो मे महिन्यात तिथे पोचला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कुणीतरी पाठवलेलं एक रेखाटन आणि पत्रातलं वर्णन एवढ्यावर त्याने १५१५ मध्येच लाकडी ठशाचं चित्र केलं. कातडीच्या वळ्यांच्या जागी चिलखताचे पत्रे आले आणि खांद्यावर एक जादा छोटं शिंग उगवलं. हात कुणाचा, तर ड्यूररचा. माहिती मात्र अर्धवट. तेव्हा आपल्या हातून जादा शिंग उगवलं तर फार लाजू नये, पण खोडरबर जवळ ठेवावा.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे व्हिडिओ. दहा सेकंदांच्या व्हिडिओत प्राणी मान वळवतो, तेव्हा कानामागचा उतार, जबड्याची जाडी, मानेचा बाक सगळं दिसतं. थांबवलेली चौकट धूसर असते, तरी रचना समजायला पुरते. विशेषतः प्राणी आता हयात नसेल आणि घरच्यांकडे एकच बरा फोटो असेल, तेव्हा मी जुने वाढदिवसाचे, दिवाळीचे व्हिडिओ मागते. त्यात कुत्रा मागे कुठेतरी फिरत असतो.

मात्र दोन फोटोंतले भाग जोडताना उजेडाची दिशा बघा. चेहऱ्यावर डावीकडून ऊन आणि अंगावर उजवीकडून, असं चित्र सामान्य माणसालाही खटकतं, का ते त्याला सांगता येत नाही इतकंच. दुसऱ्या फोटोतून आकार घ्या, छाया पहिल्या फोटोच्या हिशेबाने स्वतः टाका.

ठिपका भलत्या डोळ्यावर

ही चूक मी दोनदा केली, तिसऱ्यांदा करणार नाही. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोन आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा साठवतात. चित्रात पांढरा पट्टा उजव्या डोळ्यावर येतो, खरा असतो डाव्या. चित्र फ्रेम होऊन भिंतीवर लागल्यावर घरातलं लहान पोर बोट दाखवतं. फोटोत मागे कॅलेंडर, दुकानाची पाटी, टी-शर्टवरची अक्षरं असतील तर वाचून बघा. काही नसेल तर विचारा: ठिपका कोणत्या बाजूला? कोणता कान पडतो?

काळा कुत्रा म्हणजे काळा डाग

काळ्या प्राण्याच्या फोटोत दोनपैकी एक गोष्ट होते. मागे पांढरी भिंत किंवा खिडकी असेल तर कॅमेरा तिचा उजेड सांभाळतो आणि कुत्र्याची नुसती सावली उरते. उलट, काळं अंगच चौकटभर असेल तर कॅमेरा ते करड्या रंगाच्या जवळ उजळायला बघतो आणि कुत्रा राखाडी होतो. (पांढऱ्या मांजरीला तो याच हिशेबाने मळकट करतो.) स्क्रीनवर त्या प्राण्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी वरखाली करता येते, एवढं फोटो काढणाऱ्याला सांगितलं तरी अर्धं काम होतं. जागा म्हणून व्हरांडा किंवा ढगाळ दिवसाचं अंगण, उजेड एका बाजूने. भर दुपारचं ऊन नको.

कागदावर आल्यावर लक्षात ठेवायचं ते असं की काळा कुत्रा काळ्या रंगाने काढायचा नसतो, तो त्याच्या चकाकीने काढायचा असतो. उघड्या आकाशाखाली पाठीवरची चमक निळसर असते. बरीच काळी कुत्री उन्हाने जागोजागी तांबूस झालेली असतात. निव्वळ गडद काळा मी नाकपुड्या, बाहुली, तोंडाची फट आणि कानाच्या आत एवढ्याच जागी वापरते. बाकी अंगाला गडद निळा आणि तपकिरी यांचे थर, वर काळा हलक्या हाताने.

साध्या पेन्सिलीने काम करणाऱ्यांची वेगळी अडचण: ६बी, ८बी कितीही दाबली तरी काळं होत नाही, उलट चकाकायला लागतं आणि फोटो काढला की पांढरट दिसतं. ग्राफाइटचा तो गुणच आहे. गडद जागांना कोळशाची किंवा कार्बनची पेन्सिल घ्या, पण ती आधी. घोटलेल्या ग्राफाइटवर कोळसा धरत नाही, घसरतो. मेणाच्या रंगीत पेन्सिलींनी जाड थर दिल्यावर काही दिवसांनी गडद भागावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते, ती बुरशी नव्हे, वर आलेलं मेण आहे. मऊ कापडाने हलकेच पुसलं की जातं.

डोळे भुतासारखे

रात्रीच्या फ्लॅशमध्ये कुत्र्या-मांजरांचे डोळे हिरवे-पिवळे पेटतात, कारण त्यांच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो. माणसाच्या डोळ्यात तो नसतो. निळ्या डोळ्यांच्या काही प्राण्यांत चमक लाल येते. असा फोटो डोळ्यांसाठी निकामी समजा. दिवसाच्या दुसऱ्या फोटोतून डोळे घ्या, पण मांजराच्या बाबतीत बाहुली तपासा: भर उजेडात उभी फट, अंधुक उजेडात गोल. उन्हात लोळणाऱ्या मांजरीला मोठ्या गोल बाहुल्या दिल्या तर ती उन्हात असल्यासारखी वाटतच नाही. शेळी-मेंढीची बाहुली आडवी असते, आणि वाघाची गोल. घरचं मांजर मोठं करून वाघ काढणारे इथे हमखास सापडतात.

डोळा काचेच्या गोटीसारखा दिसत असेल तर वरच्या पापणीची सावली राहिलीय. बुबुळाचा वरचा भाग खालच्यापेक्षा गडद करा, लगेच खोबणीत बसतो. कुत्र्याच्या डोळ्याचा पांढरा भाग शांत असताना जेमतेम दिसतो. माणसाच्या सवयीने तो दोन्ही बाजूंना रंगवला की कुत्रा घाबरलेला दिसतो. डोळ्यातला चमकता ठिपका फोटोत आहे तसाच उतरवू नका, त्यात खूपदा मोबाइल धरून उभे असलेले मालक असतात! खिडकीचा एक साधा ठिपका ठेवा, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला.

केस मोजत बसणं

गावठी कुत्र्याचं आखूड केसांचं अंग असेल तर एकेक केस काढणं म्हणजे त्याला नारळाची शेंडी लावणं. केस दाखवायचे ते जिथे उजेड संपून सावली सुरू होते तिथे आणि कडेला. बाकी पृष्ठभाग सपाट छटेने. दिशा मात्र आधी ट्रेसिंगवर बाण काढून ठरवा: नाकाजवळ सगळ्यात आखूड, तिथून डोळ्यांकडे, कपाळावरून मागे.

आणि भोवरे. आटपाडीकडच्या एका शेतकऱ्यासाठी खिलार बैल काढला होता, शर्यतीचा. मागे झुकून वर गेलेली शिंगं, करडी मान, सगळं साधलं म्हणून मी खुशीत. त्यांनी चित्र हातात घेतलं आणि पहिला प्रश्न, "भोवरा कुठाय?" बैल घेताना-विकताना भोवरे बघणाऱ्या माणसाला कपाळावरचा भोवरा म्हणजे बैलाचं आधार कार्ड. मी तो केसांची गडबड समजून सफाईदारपणे घोटून टाकला होता. कुत्र्यांच्या छातीवरही भोवरे असतात. फोटोत केस अचानक उलटे फिरलेले दिसले तर ते जपा.

मिशांचं थोडक्यात. पांढऱ्या मिशा शेवटी रंगवण्यापेक्षा सुरुवातीलाच संपलेल्या रिफिलच्या पेनने कागदात दाबून घ्या, वरून पेन्सिल फिरवली की खाचा पांढऱ्या राहतात. जलरंगात ही युक्ती चालत नाही, रंग खाचेत साचून मिशी उलट गडद होते. तिथे शेवटी पांढरा गुआश, म्हणजे खालचं झाकणारा अपारदर्शक जलरंग. आणि फोनच्या पोर्ट्रेट मोडचा फोटो मिशांसाठी वापरू नका. मागचं धूसर करताना तो मिशा आणि कानावरचे केसही खाऊन टाकतो.

रंग चुकतो

आधी स्वतःच्या फोनचा रात्रीचा पिवळा उजेड बंद करा. हसू नका, मी एक अख्खी गोल्डन रिट्रीव्हर केशरी केलीय. फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, साधा पाठवला की तो दाबला जातो आणि केसांचा तपशील जातो. एखाद्या फोटोत प्राण्याशेजारी पांढरा कोरा कागद धरायला सांगा. कागद फोटोत पिवळा दिसला तर अंगही तेवढंच पिवळं आलंय, हे कळतं. एका मावशींनी तर पाकिटात घालून मांजरीचे केस पाठवले होते. त्याहून चांगला रंगाचा नमुना मला आजवर मिळालेला नाही.

नेटवरून उचललेल्या फोटोंबद्दल एवढंच: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र हीसुद्धा कलाकृतीच आहे. सरावाला घरी काहीही काढा, विकायचं असेल तर फोटो काढणाऱ्याची परवानगी घ्या किंवा मुक्त परवान्याचे फोटो वापरा. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फोटोखाली अटी लिहिलेल्या असतात.

आता ऑर्डर आली की पैशांचं बोलण्याआधी मी हा निरोप पाठवते. हवा तर उचला, तुमच्या शब्दांत करा:

"नमस्कार. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी व्हरांड्यात काढा, फ्लॅश बंद. तुम्ही खाली बसा, फोन प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीला. साधारण दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट लांब बसून झूम करा, जवळ जाऊ नका. पोर्ट्रेट मोड आणि सेल्फी कॅमेरा नको. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तिरका असे चार फोटो, शिवाय मान वळवतानाचा एक छोटा व्हिडिओ. एका फोटोत शेजारी कोरा कागद. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बिस्किटाचा पुडा दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या मागे धरायला सांगा. तुमच्या हातात असेल तर प्राणी फोनपाशी येईल आणि पुन्हा नाकच मोठं येईल."